फावडं तुमच्याकडं, कुदळ माझ्याकडं

ताई, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड मांडला, गुरुजींनी हात जोडायला सांगितले, आणि हात जोडून होतायत तोवर पिंपळावरून एक कावळा उतरला, भाताला चोच मारली आणि उडून गेला. नदीकाठी जमलेली सगळी माणसं सुटल्यासारखी उठली. कुणीतरी बाई म्हणाली, "पुण्यवान हो! काय इच्छा राहिली नाय बघा मागं." मला असा संताप आला म्हणता! राहिली नाही कशी? इतकी वर्षं तुम्ही आणि मी ज्यावरून भांडलो, ते काय हवेत विरलं? पण मी बायकांच्या मागं पदर ओढून उभी होते. लोकांच्या लेखी तुमचं-माझं बोलणं नव्हतं. जिचं बोलणं नाही तिला रडायचाही हक्क नसतो, म्हणून डोळ्यांत धूर गेल्यासारखं करून डोळे पुसले आणि घरी आले.

वाटणीचा दिवस आठवतो ना तुम्हाला? तुमच्या मालकांनी, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, बांधावरची बाभूळ न विचारता तोडली. एवढंच निमित्त. आमचे हे म्हणाले, "बाभूळ बापानं लावलेली, निम्मी माझी." दादा म्हणाले, "मग निम्मी सावली घेऊन जा." शब्दानं शब्द वाढला आणि सख्खे भाऊ एकमेकांना पाठ करून बसले. मग पंच आले. मळा निम्मानिम्मा, गाय तुम्हाला, म्हैस आम्हाला, भांडी मोजून. शेवटी उरली पडवीतली अवजारं. सासऱ्यांनी हयातभर पारखून पारखून घेतलेली. खुरपी, विळे दोन्हीकडं पुरले, पण कुदळ एकच आणि फावडं एकच. पंचांतला एक शहाणा म्हणाला, "एकाला कुदळ, एकाला फावडं. झाली बरोबरी." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! अहो, ज्यानं जन्मात एकदा वाफा केलाय त्याला कळतं की कुदळीनं खणायचं आणि फावड्यानं ओढायचं. नुसती कुदळ घेऊन माती काय तोंडानं ओढायची? मी पदराआडून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खाली मान घालून हसत होता. मला वाटलं, झालं, ही बाई वेडी झाली.

मग पुरुषांनी आपापल्या तऱ्हेनं नवीन आणलं. आमच्या ह्यांनी नाशकातल्या दुकानातून पत्र्याचं फावडं आणलं, हिरव्या रंगाचं, दिसायला नवरदेव. मेथीच्या वाफ्याला पाट काढायला घेतलं तर भाकरीची कड दुमडावी तसं पातं दुमडलं. तुमच्याकडची नवी कुदळ खडकाला एकदा लागली आणि तिचं टोक बोथट झालं ते झालंच. दोघं भाऊ आपापल्या रानात उभे राहून दुकानदाराला शिव्या घालत होते, पण बांध ओलांडून मागेल तो कोण? जीव जाईल पण मागणार नाहीत.

विहीर तेवढी सामाईक राहिली होती, आणि तिच्याशेजारची ती पडकी इंजिनाची खोली. वीज आल्यापासून इंजिन बंद, आत विंचवाशिवाय कुणी जायचं नाही. मी पाण्याला गेले तेव्हा तुम्ही आतून हळूच हाक मारलीत, "सुमन, इकडं ये." पोतं बाजूला केलंत तर खाली सासऱ्यांचं फावडं. "तुझी कुदळ पण इथं आणून ठेव. जिला लागंल तिनं न्यायची. काम झालं की पुसून परत ठेवायची. आन् घरात एक शबूद काढायचा नाय." तेव्हा कळलं, पंचांसमोर हसू कशाचं आलं होतं ते. माणसं वाटणी करत होती आणि तुम्ही मनात ती मोडून मोकळ्या झाला होता.

मी पंचवटीतल्या भाजीवाल्यांची मुलगी. जुडी बांधायला येत होती, गिऱ्हाईक गुंडाळायला येत होतं, पण खुरपं कसं धरायचं ते ठाऊक नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत, आणि काय एकेक सोंगं करून शिकवलंत! बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला लोहारांची पालं असायची. तुम्ही आधी जाऊन बसायच्या, मी परक्यासारखी मागं उभी. तुम्ही लोहाराशी मोठ्यानं बोलायच्या आणि ऐकायचं मी. "ह्या खुरप्याचा वाक लय हाय. दुपारपोत्तर मनगट भरून येतंय. पातं बघून घेऊ नये, हातात धरून जमिनीला लावून बघावं. मनगट वाकडं झालं की ठेवून द्यावं." मग खडा घेऊन कुदळीवर वाजवायच्या. "खणकन् वाजलं तर पोटात चीर नाय. बद्द वाजलं तर हात लावू नये." लोहार वैतागून म्हणाला, "बाई, घ्यायचं नाय तर शिकवता कोणाला?" तुम्ही त्याच्याकडं बघून म्हणालात, "ज्याला शिकायचं त्यो शिकतोय, तू भाता हाण." मला हसू आवरेना म्हणून मी बांगड्यांच्या गाडीवर पळाले.

आणि जपायचं किती! चिखल करवंटीनं खरवडायचा, पाण्यानं धुवायचा नाही. धुतलं तर सावलीत वाळवल्याशिवाय ठेवायचं नाही. मग जुन्या इंजिनातलं काळं ऑइल चिंधीवर घेऊन पात्याला फिरवायचं. खुरपं काम झाल्यावर मातीत खुपसून ठेवलं की तुम्ही अशा बघायच्या जणू मी कुणाच्या पाठीतच खुपसलंय. धारेच्या अवजाराची तर तुमची वेगळीच रीत. हातातून हातात द्यायचं नाही, जमिनीवर ठेवायचं, दुसरीनं उचलायचं, नाहीतर भांडण होतं म्हणे. मी म्हणायचे, "ताई, इतकं पाळूनसुद्धा आपण रोज भांडतोच की." तुम्ही म्हणायच्या, "पाळतोय म्हणून एवढ्यावर भागतंय."

भांडण एकाच गोष्टीवरून असायचं. लपवायचं की सांगायचं. मला लपवणं जमत नाही, माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हीच म्हणायच्या. मी म्हणायचे, आपण काय चोरी केली? आपल्याच सासऱ्यांची अवजारं, आपल्याच मळ्यात. सांगून टाकू दोघांना. फार फार तर चार दिवस आदळआपट करतील. तुम्ही म्हणायच्या, "थांब. पोरीचं लगीन होऊ दे." पोरीचं लग्न झालं. "थांब, दिवाळीत सांगू, गोडधोड खाल्लं की माणूस निवतंय." दिवाळी गेली. "थांब, ह्यांची तब्येत बरी नाय." मग कांद्याचा हंगाम, मग पोराचं लग्न. ताई, तुमच्या 'थांब'ला कधी मुक्काम आलाच नाही. आणि वरून मलाच म्हणायच्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची." कसली सव्वा लाखाची! त्या मुठीत आपल्या दोघींची बोटं चेंगरली होती.

एकदा कुदळीचा दांडा हलायला लागला. मी शहाणपणा करून कुदळ हौदात बुडवून ठेवली. लाकूड फुगलं, दांडा घट्ट बसला, मी खूश. तुम्ही बघितलंत आणि कपाळावर हात मारलात. "भिजवून घट्ट केलेला दांडा उन्हात दगा देतोय. सुकला की आधीपेक्षा ढिला. पाचर मार." मग बाभळीचीच एक चपटी पाचर तासून ठोकून बसवलीत. तिसऱ्या ठोक्याला मी तिथंच ऐकवलं तुम्हाला. म्हटलं, लाकडाचं एवढं कळतंय, मग घराचं का कळत नाही? दोन घरं नुसती भिजवून भिजवून धरून ठेवलीत तुम्ही. आज घट्ट, उद्या ढिली. पाचर कधी मारणार? तुम्ही पाचर ठोकत राहिलात.

खंडेनवमीला तर आपली त्रेधा. अवजारांची पूजा, आणि पाटावर आपापली वस्तू दिसली पाहिजे. आदल्या दिवशी तुम्ही फावडं न्यायच्या, मी कुदळ न्यायचे, घासूनपुसून हळदकुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्याखाली. एका वर्षी दादा फावड्याकडं बघून म्हणाले म्हणे, "हे झिजत कसं चाललंय एवढं? दोन कुटुंबांचं काम केल्यावानी." तुम्ही फूल वाहता वाहता म्हणालात, "माती खाते, दुसरं कोण?" मला हे सांगताना तुम्ही पोट धरून हसत होता. मीही हसले. आज मात्र ते आठवून हसू येत नाही. नवऱ्यानं सरळ विचारलेला प्रश्न, आणि खरं सांगायची तुमची छाती झाली नाही. आपण दोघींनी त्याला विनोद म्हटलं.

शेवटचं आपलं भांडण श्रावणातलं. तुमची सून मनीषा नवी नवी रानात यायला लागली होती. मी म्हटलं, निदान तिला तरी सांगा. पोर रोज तुमच्याबरोबर असते, तिला फावडं कुठून येतं कुठं जातं कळायला नको? तुम्ही म्हणालात, "थांब. नवी हाय. तिच्या पोटात राहायचं नाय." मी चिडले. म्हटलं, तुमच्या पोटात राहतंय ना, मग बास, भरा पोट. तुम्हीही चिडलात, असं कधी चिडलेलं मी बघितलं नव्हतं. "जड झालं असंल तर ने तुझी कुदळ!" आणि पाठ फिरवून गेलात. दुसऱ्या दिवशी गेले तर कुदळीला तुम्ही ऑइल लावून ठेवलेलं होतं. पण तुम्ही नव्हता. वांग्याच्या ओळीत खुरपताना तुम्ही बसल्या जागी कलंडलात, आणि जीपमध्ये घालून तुम्हाला नाशिकला नेलं, हे मला दुपारी कळलं. मी ह्यांना म्हटलं, आपण जाऊ या. हे म्हणाले, "त्यांची माणसं हायेत." त्यांची माणसं! ताई, त्या रात्री स्वयंपाक करताना मी तवा आपटला, ताटं आपटली, पण दवाखान्यात नाही आले. यायला मिळालं नाही. तुम्ही परत आलात त्या चादरीत गुंडाळून.

ह्यांनी भावजयीला खांदा दिला. भावाशी एक शब्द न बोलता दिला, आणि आंघोळ करून येऊन बसले. दादाही कोरडे. लोक म्हणत होते, माणूस दगड झालाय.

आणि मग परवा, तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर, बांधापलीकडून आवाज आला. कांद्याचं रोप टाकायला वाफे करायचे होते, आणि फावडं सापडत नव्हतं. सापडेल कसं? ते खोलीत पोत्याखाली होतं. तुमच्यानंतर ते तिथं आहे हे जगात मला एकटीलाच ठाऊक. दादा मनीषावर ओरडत होते. "माझ्या बापाच्या हातचं फावडं! म्हातारी गेली नाय तं घरातली अवजारं गायब? म्हायेरी पोचवलं का?" पोर म्हणत होती, "नाय हो, मी बघितलंबी नाय." रडत होती. तुमचा मुलगा मधे उभा, तोंडात मूग धरून.

मी वांग्यात उभी राहून सगळं ऐकलं. बोलावं तर तुमचं इतक्या वर्षांचं झाकलेलं उघडं पडतं. तुम्ही तर आता तुमच्या बाजूनं एक शब्द बोलू शकत नाही. लोक म्हणतील, बाईनं जन्मभर नवऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकली. न बोलावं तर ती पोर चोर ठरते. सासरी एकदा चोर ठरलेली सून म्हातारी होईस्तोवर चोरच राहते, मीठ सांडलं तरी नाव तिचंच. ताई, खूप राग आला मला तुमचा. कधी नव्हे एवढा. हे सगळं माझ्या गळ्यात टाकून तुम्ही कुठं निघून गेलात? तुम्ही असता तर मी तुमच्या दंडाला धरून ओढत नेलं असतं.

मी घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. खोली, पोतं, सगळं. हे म्हणाले, "आता कशाला? मेलं ते माणूस." मी म्हटलं, "मेलं ते मेलं. ही पोर जिवंत आहे." हे म्हणाले, "जायचं तर जा. मी येणार नाय." मी म्हटलं, बोलावलंय कुणी?

खोलीतून दोन्ही काढली. एका खांद्यावर फावडं, एका खांद्यावर कुदळ. बांधावरून दोन मिनिटांची वाट, पण मी गावातल्या रस्त्यानं गेले, दुकानासमोरून, पारासमोरून. बघा म्हटलं, काय बघायचं ते.

दादा ओट्यावर उभे होते. मोठ्या दिराशी तोंड वर करून बोलायची आपल्यात रीत नाही. या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी सरळ बोलले नव्हते. पदर घेतला, पण मान खाली घातली नाही. "दादा," मी म्हटलं, "फावडं माझ्याकडं होतं. वाटणी झाली तेव्हापासून ताई आणि मी दोन्ही मिळून वापरतोय. इंजिनाच्या खोलीत ठेवत होतो. मनीषानं काही नेलं नाही. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं."

दादांनी फावडं घेतलं. उलटंपालटं करून बघितलं. पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दांड्यावर हात थांबला. "दांडा कोणी बदलला?"

"ताईंनी. लाकूडही त्यांनीच बघून आणलं होतं."

"मला म्हणाली, म्हायेरच्या भावानं करून दिला."

मनीषा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, डोळे सुजलेले. दादा फावड्याकडं बघतच म्हणाले, "मला का नाय सांगितलं तिनं? मी काय खाल्लं असतं का तिला? एका फावड्यापायी?"

ताई, मला गोड बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, तुमची तब्येत जपत होत्या, भावाभावांत आणखी नको म्हणून गप्प राहिल्या. सगळं अंगण तेच ऐकायला थांबलं होतं, आणि तुम्ही असता तर मला चिमटा काढून तेच वदवून घेतलं असतं. मी मनीषाकडं बघितलं.

"भीत होत्या," मी म्हटलं.

"कोणाला?"

"तुम्हाला, दादा. आत्ता ही पोर भितीये ना, तशाच."

ते खाली बसले. ओट्याच्या कडेवर, फावडं मांडीवर आडवं घेऊन. त्यांनी मनीषाकडं बघितलं. खांदे हलायला लागले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तुमच्यासाठी रडले, की जे ऐकलं त्यासाठी, मला कळलं नाही. तुमचा मुलगा आत पळाला पाणी आणायला. मनीषा मात्र जागची हलली नाही. तिची कुणी माफी मागितली नाही अजून. मी वाट बघणार आहे.

रागवा माझ्यावर, ताई. तुमची मूठ मी उघडली, तीही तुम्हाला मला अडवता येत नसताना. रोज संध्याकाळी वांग्यात बसून तुमच्याशी भांडते मी, आणि रोज तुम्हीच गप्प बसून जिंकता. पण तुम्ही इतकी वर्षं कुणाला भिऊन जगलात हे त्या घरात एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. ज्या बाईनं मला माती धरायला शिकवलं, तिच्यासाठी माझ्याकडं दुसरं काही नव्हतं देण्यासारखं.

मी कुदळ त्यांच्या भिंतीला टेकवून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि निघाले. फाटकापाशी पोचले तेव्हा मागून दादांचा आवाज आला, बसलेला.

"कुदळ तुमच्या वाटणीची हाय."

"असू द्या," मी म्हटलं. "उद्या येते न्यायला."